वाऱ्याची वाट

१९१५ च्या मार्च महिन्यात बेल्जियममधल्या ईप्र शहराभोवतीच्या जर्मन खंदकांत काही वेगळीच माणसं दिसू लागली. त्यांच्याजवळ बंदुकांपेक्षा पाने-पकडी जास्त होत्या आणि त्यांचं लक्ष सारखं आभाळाकडे असे. रात्रीच्या अंधारात ती पोलादी सिलिंडर वाहून आणत, खंदकाच्या तळाशी पुरत, तोंडाला शिशाची नळी जोडत आणि नळीचं दुसरं टोक शत्रूच्या दिशेने बाहेर काढून ठेवत. एवढं केलं की त्यांचं काम संपलं. पुढचं काम वाऱ्याचं होतं.

वारा काही मनासारखा येईना. त्या मुलखात तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे जर्मनांच्याच तोंडावर. आधी शहराच्या आग्नेयेला सिलिंडर पुरले होते. तिथे आठवडेच्या आठवडे वाट पाहण्यात गेले. पलीकडून येणारे तोफगोळे लागून काही सिलिंडर फुटले आणि आत जे भरलं होतं त्याने पहिले बळी घेतले ते जर्मन सैनिकांचेच. मग उत्तरेकडे, स्टीनस्ट्राट ते पोलकापेल या सुमारे सहा किलोमीटरच्या पट्ट्यात, ५७३० सिलिंडर नव्याने मांडले गेले. २२ एप्रिलला सकाळचा मुहूर्त ठरला होता, तोही टळला. दुपार सरताना उत्तरेकडून हलकी झुळूक सुटली आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला सगळ्या झडपा एकदम उघडल्या गेल्या.

काही मिनिटांत सुमारे १५० टन क्लोरीन मोकळा झाला. हा वायू हवेच्या जवळजवळ अडीच पट जड. तो वर जात नाही, जमिनीला धरून सरपटतो आणि खड्डा दिसला की त्यात उतरतो. त्या काळी गोळ्यांपासून जीव वाचवायचा तर माणूस खंदकात खाली बसायचा. ज्या जागी माणसाने आसरा घेतला होता, त्या जागेचाच या ढगाने सापळा केला.

समोर फ्रान्सच्या दोन डिव्हिजन होत्या. एकीत उतरत्या वयाचे राखीव फ्रेंच शिपाई, दुसरीत मुख्यतः अल्जीरियाहून आणलेले सैनिक. हिरवट पिवळं धुकं गवतावरून पुढे येताना त्यांना दिसलं. धुराच्या आडून हल्ला येणार असं वाटून काहींनी बंदुका सरसावल्या. मग घसा जळू लागला, डोळ्यांसमोर अंधार आला. क्लोरीन ओलाव्याला लागला की त्याचं आम्ल होतं आणि माणसाच्या फुप्फुसात तर सगळा ओलावाच. आतली नाजूक त्वचा भाजते, तिच्यातून पाणी पाझरतं, फुप्फुस त्याच पाण्याने भरत जातं. माणूस शुद्धीवर असतो. त्याला सगळं कळत असतं. मरायला काहींना काही मिनिटं लागली, काहींना दोन दिवस. जे पळाले ते ढगाच्याच दिशेने, ढगाच्याच वेगाने पळाले आणि धापा टाकत जास्तच वायू आत घेत राहिले. आघाडीत कित्येक किलोमीटरचं भगदाड पडलं. त्या संध्याकाळी किती मेले, हा आकडा तेव्हापासूनच प्रचाराचं हत्यार झाला. पाच हजार हा आकडा वर्षानुवर्षं छापला गेला. नंतरच्या अभ्यासकांनी तो बराच खाली आणला. मला त्या घासाघिशीत पडावंसं वाटत नाही.

पावसाळा लागला की आपल्याकडे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. त्या वेळी नाकाला झोंबणारा जो वास उठतो तो याच वायूचा. त्या वासाने कॉलरा हटवला, लाखो लेकरं वाचवली. साध्या मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन मिळतो आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मोठ्या प्रमाणावर लागत होता जर्मनीच्या रंगाच्या कारखान्यांना. त्यातल्या एका रंगाचं आपल्याशी थेट नातं आहे. ऱ्हाइन नदीकाठच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली. ती बनवण्याच्या कृतीत क्लोरीन लागायचा. तो दाबाखाली द्रवरूप करून पोलादी सिलिंडरांत भरण्याची युक्ती याच कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी आधी काढून ठेवली होती. या निळीने बिहारमधल्या निळीच्या मळ्यांचा बाजार बसवला. मळेवाल्यांनी आपली तूट कुळांकडून वसूल करायला सुरुवात केली आणि तेच गाऱ्हाणं घेऊन १९१७ मध्ये चंपारणची कुळं गांधीजींसमोर उभी राहिली. चंपारणचा इतिहास आपण शाळेत शिकतो. त्याच निळीच्या कारखानदारीतला सिलिंडर ईप्रच्या खंदकात कसा पोचला, हे मात्र कुणी सांगत नाही. वेगळे कारखाने उभारायची गरजच पडली नव्हती. रंगासाठी होता तो माल उचलून लष्कराकडे वळवला, एवढंच.

तो वळवण्याची कल्पना फ्रिट्झ हाबर यांची. १८६८ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या ज्यू घरात जन्मलेला, पुढे ख्रिस्ती झालेला, बर्लिनमधल्या कैसर विल्हेल्म संस्थेच्या भौतिक रसायनशास्त्र विभागाचा संचालक. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत त्यांनी १९०९ मध्ये सिद्ध केली. आपला शेतकरी युरियाची गोणी फोडतो तेव्हा त्या गोणीच्या मुळाशी हाबर यांचं काम असतं. निम्म्या जगाच्या ताटातलं अन्न त्यांच्या शोधावर उभं आहे असं म्हणतात आणि ते फारसं खोटं नाही. असा माणूस ईप्रच्या खंदकांत स्वतः हजर होता, वारा पाहत होता. त्यांच्या तुकडीत ओटो हान, जेम्स फ्रांक, गुस्टाफ हर्ट्झ असे तरुण होते. या तिघांनाही पुढे नोबेल मिळालं. माक्स बोर्न यांनी या कामाला नकार दिला. तेव्हा नकार देता येत होता, एवढं त्यावरून कळतं.

हान यांनी उतारवयात लिहून ठेवलं आहे की, हे हेगच्या कराराविरुद्ध नाही का, असं त्यांनी हाबर यांना विचारलं होतं. हाबर यांच्याकडे दोन उत्तरं तयार होती. एक, फ्रेंचांनी वायू भरलेल्या गोळ्या आधीच वापरल्यात. दोन, यामुळे युद्ध लवकर संपेल आणि असंख्य जीव वाचतील. कागदावरचं तिसरं उत्तर तर आणखी चतुर होतं. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात बंदी होती ती गुदमरवणारा वायू पसरवणं हाच ज्यांचा एकमेव हेतू आहे अशा गोळ्यांवर. सिलिंडर हा गोळा नव्हे. तो कुठे फेकला जात नाही. झडप उघडायची, बाकीचं वारा पाहील. १९०७ च्या हेग नियमांत विष किंवा विषारी शस्त्रं वापरायला सरळ मनाई आहे, हे मात्र सोयीने विसरलं गेलं. ईप्रसमोरच्या जर्मन कोअरचे सेनापती फॉन डाइमलिंग यांनी पुढे कबूल केलं की, उंदरांना घालावं तसं शत्रूला विष घालण्याची ही कामगिरी त्यांना किळसवाणी वाटली होती. तरी त्यांनी ती केली.

या सगळ्या कहाणीत मला सगळ्यात जास्त खुपतात त्या सबबी. वायू बनवणारी, सोडणारी, सोडू देणारी माणसं राक्षस नव्हती. शिकलेली होती, पुष्कळदा चांगली होती. फक्त प्रत्येक पायरीवर एकेका शहाण्याने एकेक सबब शोधून ठेवली आणि मागून येणाऱ्याला ती आयती मिळाली. पुढच्या तीस वर्षांत याच दोन-तीन सबबी देश बदलून, भाषा बदलून पुन्हा पुन्हा भेटतात.

हाबर यांच्या पत्नी क्लारा इमरवार. ब्रेस्लाऊ विद्यापीठातून १९०० मध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री. लग्नानंतर त्यांची प्रयोगशाळा सुटली, संसार राहिला. ईप्रच्या हल्ल्याबद्दल हाबर यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला आणि ते काही दिवसांसाठी बर्लिनला घरी आले. १ मेच्या रात्री, उजाडायच्या आधी, क्लारा यांनी नवऱ्याचं लष्करी पिस्तूल घेतलं, बागेत गेल्या आणि स्वतःवर गोळी झाडली. बारा वर्षांच्या हेर्मानला आई सापडली. दुसऱ्याच दिवशी हाबर पूर्व आघाडीवर निघून गेले. तिथेही वायू सोडायचा होता. क्लारा यांनी हे वायूच्या निषेधापोटी केलं, असं अनेकजण ठामपणे लिहितात. मागे एकही चिठ्ठी उरलेली नाही. मोडलेला संसार, गमावलेलं काम, एकटेपणा हेही त्यात असणार. त्यांच्या मरणाला एकच कारण चिकटवून त्यांना आपल्या बाजूचा साक्षीदार करणं मला बरं वाटत नाही. घडलेली गोष्ट आहे तशीच पुरेशी जड आहे.

आता तिकडच्या खंदकांकडे.

ईप्र वाचवायला इंग्रजांनी जे सैन्य धावत बोलावलं त्यात आपली लाहोर डिव्हिजन होती. ती १९१४ च्या शरदात मार्सेयच्या बंदरात उतरली होती, उन्हाळी कपड्यांत. तिच्यासोबत पुण्याजवळच्या खडकीचे तिसरे सॅपर्स अँड मायनर्स होते, त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या. पूल बांधणं, सुरुंग लावणं, रस्ते करणं हे त्यांचं काम. त्यांच्यात मराठी जवानही होते. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव शापेल गावात पायदळ कमी पडलं म्हणून या कारागिरांना संगिनी लावून ४७ व्या शिखांबरोबर घराघरांतून लढायला पाठवलं गेलं. दोन्ही कंपन्यांची चाळण झाली. ज्यांना घडवायला वर्षं लागतात अशी माणसं एका सकाळीत संपली. खडकीतल्या बॉम्बे सॅपर्सच्या आवारात आजही त्यांचं स्मारक आहे.

२४ एप्रिल १९१५ ला ही डिव्हिजन ईप्रकडे निघाली. सुमारे ५० किलोमीटरची वाट, पाऊस, निसरडे फरसबंदी रस्ते. त्याच दिवशी सकाळी सँ जुलिअँ गावाजवळ कॅनडाच्या सैन्यावर दुसरा ढग सोडला गेला होता. जखमी, घुसमटलेली, निळी पडलेली माणसं रस्त्याने उलट येताना आपल्या शिपायांना दिसली असतील. त्यांनी काय पाहिलं हे कुणीतरी त्यांना समजावून सांगितलं असेल का? वायू हा शब्द तरी त्यांच्या ओळखीचा होता का? त्यांनी गावाकडे धाडलेल्या पत्रांतून ‘धूर’ येतो, ‘विषारी धूर’.

२६ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमाराला जालंधर आणि फिरोजपूर ब्रिगेड चढाईला निघाल्या. थकलेली माणसं, तोफांचा मारा अपुरा, शत्रू नेमका कुठे आहे याची कल्पना अर्धवट. समोर उघडं शेत, आधी उतार, मग चढ, चढाच्या माथ्यावर जर्मन. ४७ व्या शिखांचे ४४४ जण त्या दिवशी लढाईत उतरले. त्यातले ३४८ पडले. तरीही काही टोळ्या जर्मन खंदकांच्या अगदी जवळ पोचल्या आणि तेव्हा, अडीचच्या सुमाराला, समोरून वायू आला. तोंडाला लावायला त्यांच्याकडे मास्क नव्हते. ज्यांना सुचलं त्यांनी रुमाल, नाहीतर पगडीचं टोक ओलं करून नाकातोंडावर धरलं. ज्या फेट्याचा मान राखायला ही माणसं घरदार सोडून आली होती, त्याच फेट्याच्या चिंधीवर त्यांचा श्वास टांगलेला राहिला.

५७ व्या वाइल्ड्स रायफल्सचे इंग्रज अधिकारी एकामागून एक पडले. उरलेली माणसं सांभाळली जमादार मीर दस्त यांनी. तिराहच्या डोंगरातला आफ्रिदी पठाण, मूळचा ५५ व्या कोक्स रायफल्सचा, इथे उसना दिलेला. अंधार पडेपर्यंत त्यांनी खंदक सोडला नाही. वायूने गळाठलेल्यांना एकत्र केलं, मग माघारीची आज्ञा आल्यावर त्यांना मागे आणलं आणि पुन्हा गोळीबारात जाऊन आठ इंग्रज आणि हिंदी अधिकाऱ्यांना उचलून आणायला मदत केली. स्वतः जखमी होते, वायू छातीत गेला होता. याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे सख्खे भाऊ मीर मस्त त्याच मार्चमध्ये नव शापेलजवळ जर्मनांना जाऊन मिळाले होते. एका आईचे दोन मुलगे, एकाच परक्या युद्धात दोन बाजूंना. दोघांपैकी कोणाचीच ती लढाई नव्हती.

लाहोर डिव्हिजनने आठवडाभरात सुमारे ३९०० माणसं गमावली. मेलेली, जखमी, बेपत्ता.

इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्याचं तेव्हा हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ केलं होतं. घुमट, मिनार, वेलबुट्टी असलेला तो हौशी राजवाडा. इथे पूर्वेकडच्या माणसांना घरच्यासारखं वाटेल, असा हिशेब असावा. १९१५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या हिरवळीवर राजे पाचवे जॉर्ज यांनी मीर दस्त यांच्या छातीवर पदक लावलं. काही मागायचं आहे का असं विचारल्यावर जमीन, बढती, पेन्शन यातलं काही त्यांनी मागितलं नाही. एकदा जखमी होऊन बरा झालेला शिपाई पुन्हा आघाडीवर पाठवू नये, एवढंच ते म्हणाले. सैनिकांची पत्रं तपासणाऱ्या सेन्सॉरच्या दप्तरात त्यांच्या एका पत्राचा आशय शिल्लक आहे. पदक फार छान आहे, पण हा वायू काही स्वस्थता देत नाही, त्याने माझा कारभार आटोपला, असा. ब्रायटनला मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी ५३ जणांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. तिथे पांढऱ्या संगमरवरातली छत्री उभी आहे. आजूबाजूला मेंढ्या चरतात.

२२ एप्रिलनंतर पहिले काही आठवडे इंग्लंड संतापाने पेटलं होतं. रानटी, भ्याड, माणुसकीला काळिमा असे शब्द वर्तमानपत्रांत रोज येत होते आणि ते खरेच होते. बायका घराघरांत कापसाच्या पट्ट्या शिवत होत्या. ऑक्सफर्डचे शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांना फ्रान्सला पाठवलं गेलं. त्यांनी घुसमटलेल्या सैनिकांना तपासलं, मेलेल्याची फुप्फुसं पाहिली आणि हा क्लोरीनच आहे असं कळवलं. मग स्वतःला बंद खोलीत कोंडून घेऊन, आत वायू सोडून, त्यांनी मास्कची चाचणी केली. सोबत मुलगा होता, तोही स्वतःवर प्रयोग करत होता. हाबर यांच्या गोष्टीशेजारी ही गोष्ट ठेवली की मला थोडा धीर येतो.

पण संतापाचं पुढे काय झालं? पाच महिन्यांनी, २५ सप्टेंबरला, फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत इंग्रजांनी पाच हजारांवर सिलिंडर उघडले. आतला वायू तोच, क्लोरीन. सबबही तीच, त्यांनी आधी केलं. तयारी चालू असताना लष्करी कागदांत ‘वायू’ हा शब्द लिहायला मनाई होती. त्याऐवजी ‘ऍक्सेसरी’ लिहायचं, म्हणजे जोडसामान. गुप्तता हे कारण होतंच. पण जे करायचं त्याचं नाव घ्यायला जीभ कचरते तेव्हाही माणूस असेच शब्द शोधतो.

त्या दिवशी लूसला वारा पडला होता. काही ठिकाणी तो उलटला आणि वायू इंग्रजांच्याच खंदकांत शिरला. अडीच हजारांहून जास्त इंग्रज सैनिक आपल्याच वायूने आजारी पडले. थोड्या उत्तरेला आपली मेरठ डिव्हिजन त्याच सकाळी दुय्यम हल्ला करत होती. तिथेही वायू परतून आपल्याच माणसांवर आला. एप्रिलमध्ये जर्मनांनी सोडलेला, सप्टेंबरमध्ये स्वतःच्या सरकारने सोडलेला. हिंदी शिपायाने दोन्ही चाखले. याच हल्ल्यात जखमी झालेला गुरखा रायफलमन कुलबीर थापा जर्मन ओळीच्या मागे पडून राहिलेल्या एका जखमी इंग्रज सैनिकापाशी रात्रभर थांबला आणि दुसऱ्या दिवशी धुक्यातून त्याला काढून आणला, मग परत जाऊन दोन गुरख्यांनाही आणलं.

पुढच्या तीन वर्षांतल्या वाटचालीवर मी रेंगाळत नाही. १९१५ च्या डिसेंबरात फॉस्जीन आला, १९१७ च्या जुलैत पुन्हा ईप्रलाच मस्टर्ड गॅस आला. तो श्वासाची वाट न पाहता कातडीतून शिरतो, डोळे मिटवतो, कपड्यांत आणि मातीत दिवसेंदिवस टिकतो. गोळ्यांतून मारा होऊ लागल्यावर वाऱ्याची वाट पाहायची गरजही उरली नाही. युद्ध संपलं तेव्हा सर्व बाजू मिळून वायूने मेलेल्यांची संख्या ९० हजारांच्या आसपास आणि बाधा झालेल्यांची १० लाखांहून जास्त मानली जाते. एकूण मृत्यूंत हा वाटा लहानच. युद्ध मात्र त्याने एका दिवसानेही लवकर संपवलं नाही. हाबर यांची दुसरी सबब तिथेच खोटी पडली होती, पण ती पुढे चालू राहिली.

हाबर यांना १९१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, अमोनियासाठी. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्याचा हुकूम आला. त्यांनी राजीनामा दिला, देश सोडला आणि १९३४ च्या जानेवारीत बाझेलमध्ये देह ठेवला. ज्या देशासाठी त्यांनी सगळं पणाला लावलं, त्याच देशात त्यांच्या संस्थेतल्या कीटकनाशकांच्या संशोधनातून निघालेल्या झायक्लॉन-बी या विषारी वायूने पुढे लाखो ज्यू मारले. हाबर यांच्या नात्यातली माणसंही छळछावण्यांत गेली. बागेत आईला पाहणाऱ्या हेर्मानने १९४६ मध्ये अमेरिकेत आत्महत्या केली.

या इतिहासाचं एक पान भारताच्या वायव्य सरहद्दीवर उघडतं. १९१९ च्या मे महिन्यात तिसरं अफगाण युद्ध पेटलं, सरहद्दीवरचे पठाण उठले. लंडनमध्ये युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी टिपण लिहिलं की, असंस्कृत टोळ्यांवर वायू वापरायला आपला पूर्ण पाठिंबा आहे. जीवघेणाच वायू हवा असं नाही, डोळ्यांतून पाणी काढणारा, दहशत बसवणारा चालेल, हेही त्यांनी त्यात लिहिलं होतं. ते सांगायलाच हवं. लूसला इंग्रजांचे सिलिंडर सांभाळणारे चार्ल्स फोक्स हे अधिकारी भारतात येऊन वायूची वकिली करू लागले. इंडिया ऑफिसने हरकत घेतली. त्यावर चर्चिल यांनी ती हरकत गैरवाजवी ठरवली. शेवटी सरहद्दीवर वायू वापरला गेला नाही. पण ज्यांच्यावर वापरायचं चाललं होतं ते लोक कोण? मीर दस्त यांचे भाऊबंद. इंग्लंडच्या राजासाठी छातीत वायू घेतलेला माणूस तेव्हा सरहद्दीच्याच मुलखात घरी बसून धापा टाकत होता आणि त्याच्याच जातकुळीला वायू देण्याचा खल लंडनच्या फायलींत चालला होता.

तिथून थोड्याच अंतरावर, रावळपिंडीत, १९३० च्या दशकात इंग्लंडच्या पोर्टन डाऊन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हिंदी शिपायांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग केले. हिंदी कातडीवर त्याचा परिणाम गोऱ्या कातडीपेक्षा जास्त होतो की कमी, हे पाहायचं होतं. काही शिपायांना अर्धी चड्डी आणि सुती सदरा घालून वायूच्या खोलीत धाडलं गेलं. भाजून इस्पितळात पडण्याइतक्या जखमा अनेकांना झाल्या. हे प्रयोग दहा वर्षांहून जास्त चालले आणि ती कागदपत्रं २००७ मध्ये लोकांसमोर आली. त्या शिपायांची संमती घेतली होती असं म्हणायचं असेल, तर पलटणीतला शिपाई साहेबाला ‘नाही’ कसं म्हणतो, ते आधी सांगावं लागेल.

हॉल्डेन यांचा मुलगा, जे. बी. एस. हॉल्डेन, पुढे मोठा जीवशास्त्रज्ञ झाला, १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. ब्रिटनच्या सुएझ कारवाईचा निषेध करून देश सोडणारा हा माणूस. १९२५ मध्ये त्याने एका पुस्तिकेत मस्टर्ड गॅसची बाजू घेतली होती. तोफगोळ्याने माणसं मरतात, मस्टर्डने बहुतेक जगतात, मग अधिक दयाळू कोण, असा त्याचा सवाल. तो स्वतः खंदकांत लढलेला, जखमी झालेला, वायू छातीत घेतलेला. त्याला खोटं म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण जगलेल्यांचा हिशेब त्याने फार लवकर मिटवला. मीर दस्तही जगलेच होते की.

त्याच वर्षी, १७ जून १९२५ ला, जिनेव्हाचा करार झाला. रासायनिक आणि जैविक शस्त्रं वापरायला बंदी झाली, बनवायला आणि साठवायला नाही. आणि करार मान्य करताना अनेक देशांनी खाली ओळ जोडली की, समोरच्याने आधी वापरलं तर आम्ही बांधील नाही. इटलीने सही केली होती, तरी १९३५-३६ मध्ये अबिसीनियावर विमानांतून मस्टर्ड ओतला. बनवायला आणि साठवायलाही मनाई करणारा करार १९९७ मध्ये अमलात आला. भारताने आपल्याकडे साठा असल्याचं तेव्हा उघडपणे सांगितलं आणि २००९ पर्यंत तो नष्ट केला. ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे आणि आपण ती फारशी सांगत नाही. क्लोरीनवर मात्र बंदी घालता येत नाही, पाणी शुद्ध करायला तो लागतो. सिरियातल्या सराकिब गावावर फेब्रुवारी २०१८ मध्ये हेलिकॉप्टरमधून क्लोरीनचा सिलिंडर टाकला गेला, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय तपासनिसांनी काढला. १०३ वर्षांनी पुन्हा तोच वायू, तोच सिलिंडर.

आता परत मागे, १९४५ कडे. त्या जानेवारीत मीर दस्त पेशावरला वारले. त्याच वर्षी जूनमध्ये शिकागो विद्यापीठात सात शास्त्रज्ञांच्या एका समितीने अमेरिकेच्या युद्धमंत्र्यांसाठी एक अहवाल लिहिला. अणुबॉम्ब जपानी शहरावर अचानक टाकू नका, आधी एखाद्या वाळवंटात नाहीतर ओसाड बेटावर सर्व राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमोर तो फोडून दाखवा, नाहीतर शस्त्रांची अशी शर्यत लागेल की ती थांबवता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. समितीचे अध्यक्ष होते जेम्स फ्रांक. हाबर यांच्या वायूच्या तुकडीतले तरुण फ्रांक आता ६२ वर्षांचे, हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेले. अहवालात विषारी वायूचाही दाखला होता. अमेरिकेकडे विषारी वायूचे मोठे साठे आहेत, पण जपानविरुद्धचं युद्ध त्याने लवकर संपणार असलं तरी तो वापरणं अमेरिकन जनतेला मंजूर नाही, हे विसरू नका, असा. युद्ध लवकर संपेल, ही सबब ज्यांनी तीस वर्षांपूर्वी अगदी जवळून ऐकली होती, त्यांच्याच नावाने तिच्यापासून सावध करणारा हा कागद निघाला. तो वरपर्यंत नीट पोचला नाही. प्रश्न ज्या चार शास्त्रज्ञांकडे गेला त्यांनी कळवलं की, प्रत्यक्ष वापराला पटण्याजोगा दुसरा पर्याय आम्हाला दिसत नाही.

बॉम्ब टाकताना लक्ष्य डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असा हुकूम होता. त्यामुळे ६ ऑगस्टला पहाटे आधी हवामान पाहणारी विमानं गेली, एकेका शहरावर एकेक. हिरोशिमावर गेलेल्या विमानाने सकाळी सव्वासातच्या सुमाराला वरून खाली पाहिलं आणि मागून येणाऱ्या विमानाला कळवलं. शहरावर आभाळ मोकळं होतं.